म्होरं किती गाड्या हायत?

डिसेंबरातली रात्र, साधारण दहा वाजत आलेले, कारखान्याच्या यार्डात आमचा ट्रॅक्टर उभा, मागं दोन ट्रॉल्या भरून ऊस, आणि तात्या चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर बसून सारखे मनगटाकडं बघतायत. मी तेव्हा आठवीत. मला वाटलं झोप आलीय म्हणून टाइम बघतायत. पण ते मोजत होते, रिकाम्या होऊन बाहेर पडणाऱ्या गाड्या. दोन चहा झाले, अर्धा तास गेला, मग म्हणाले, "पाच गेल्या. म्होरं पासष्ट हायत. आपला नंबर पहाटं साडेचारला. जा, वाकळ घे अन् पड."

मी ट्रॉलीच्या आडोशाला पडलो, खाली पाचट अंथरलेलं, हवेत मळीचा तो आंबूस गोड वास, मधेच स्पीकरवर नंबर पुकारला जायचा, रांगेतले ट्रॅक्टर एकामागोमाग धडधडत सुरू व्हायचे, दहा-पंधरा फूट पुढं सरकायचे आणि परत बंद. तात्यांनी हलवून उठवलं तेव्हा आमची गाडी काट्यावर चढत होती. पावणेपाच वाजले होते.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ऑपरेशन्स रिसर्च नावाचा विषय होता. सरांनी फळ्यावर लॅम्डा आणि म्यू लिहिलं. लॅम्डा म्हणजे तासाला येणारे किती, म्यू म्हणजे तासाला उरकणारे किती. वर्गातली पोरं उतरवून घेत होती आणि मला फक्त ती टपरी दिसत होती. अर्धा तास बसून बाहेर पडणाऱ्या गाड्या मोजणं म्हणजे म्यूचा अंदाज काढणं, आणि पुढच्या गाड्यांना त्यानं भागलं की आपला नंबर. सातवी शिकलेला माणूस हे दरवर्षी हंगामभर करत होता.

हे लिहायला बसलोय कारण आता नोव्हेंबर लागला की चुलतभावाचा फोन येतो, आता गाडी तो चालवतो, आणि तक्रार तीच, काल नऊ तास लागले, परवा चौदा. आणि गावात सगळे एकच कारण सांगतात, कारखान्याचं नियोजन नाही, मधे वशिल्याच्या गाड्या घुसवतात. घुसवत असतीलही. पण मला सांगायचंय ते वेगळं आहे. एकही गाडी न घुसवता, सगळे प्रामाणिक असताना, रांग एवढीच मोठी होऊ शकते. ती गणितातच आहे आणि ते गणित एकदा डोक्यात बसलं की रांगेकडं बघायची नजर बदलते.

हिशेबाला सोपा असा कारखाना घेऊ. रोजचं गाळप ४,८०० टन, म्हणजे तासाला २०० टन. दोन ट्रॉल्या मिळून २० टन ऊस धरा. म्हणजे तासाला १० गाड्या गव्हाणीत, म्हणजे मिलकडं ऊस जातो त्या तोंडाशी, रिकाम्या होणार, एका गाडीला सरासरी ६ मिनिटं. हा झाला म्यू, १०. आता तासाला ९ गाड्या येतायत असं समजा. कुणालाही विचारा, उत्तर येईल की दहाची ताकद आहे, नऊच येतायत, मग रांग कसली? मलाही तसंच वाटायचं.

पण गाड्या ठरलेल्या अंतरानं येत नाहीत ना. कुठल्या फडात तोडणी कामगारांच्या टोळीचं भरणं लवकर होतं, कुणाचं टायर पंक्चर, कुठं ओढ्याच्या उतारावर ट्रॉली रुतली, तर येताना कधी चार गाड्या एकदम येतात आणि कधी पंधरा मिनिटं एकही नाही. आणि उतरवायलाही प्रत्येक गाडीला बरोबर सहाच मिनिटं लागतात असं नाही, कुणाचा वायररोप अडकतो, कुणाचा ऊस नीट रचलेला नसतो. अशी दोन्हीकडून अनिश्चितता धरली तर सगळ्यात साधं सूत्र येतं ते असं, म्यूमधून लॅम्डा वजा करा, जे उरेल त्यानं एकाला भागा, तो झाला यार्डात शिरल्यापासून रिकामी होईपर्यंतचा सरासरी वेळ, तासांत. एवढंच.

त्यात आकडे घाला. तासाला ८ गाड्या आल्या तर अर्धा तास. ९ आल्या तर एक तास. ९.५ आल्या तर दोन तास. ९.८ ला पाच तास. ९.९ ला दहा तास. आणि १० ला सूत्रात खाली शून्य येतं, रांग वाढतच जाते, तिला टोकच नाही.

मी हे पहिल्यांदा वहीत मांडलं तेव्हा दोनदा तपासलं. ८ वरून ९ झालं, एक पूर्ण गाडी वाढली, तर वेळ अर्ध्या तासानं वाढला. आणि ९.५ वरून ९.९, म्हणजे तासाला अर्धी गाडीसुद्धा नाही, आणि वेळ दोन तासांवरून दहा! रांग सरळ रेषेत वाढत नाही. बराच वेळ काही होतच नाही असं वाटतं आणि मग शेवटच्या टप्प्यात अंगावर येते.

असं का होतं याचा मी बराच विचार केला आणि मला पटलेलं उत्तर असं, की गव्हाण पाच मिनिटं रिकामी राहिली तर ती पाच मिनिटं गेली, ती साठवून ठेवता येत नाहीत आणि पुढच्या गर्दीला उसनी देता येत नाहीत. गर्दी मात्र साठते. सकाळी मोकळा गेलेला अर्धा तास रात्रीच्या रांगेच्या काही उपयोगाचा नाही. आणि जितकं आपण दहाच्या जवळ जाऊ तितकी ही साठलेली गर्दी फेडायला हातात शिल्लक कमी राहते. नऊ येत असतील तर तासाला एका गाडीची शिल्लक. ९.९ येत असतील तर दहा तासांत एक गाडी.

हे शिल्लकीचं मला ब्रेकडाऊनच्या रात्री कळलं होतं, सूत्र माहीत नसताना. दहावीच्या वर्षी जानेवारीत एकदा रात्री अकराच्या सुमारास मिल थांबली. एरवी तो आवाज कानाला इतका सवयीचा असतो की बंद पडल्यावरच ऐकू येतो. तात्यांनी अंदाज सांगितला होता पहाटे दोनचा, तो गेला. दोन वाजता मिल परत सुरू झाली, तीन तासच बंद होती, सगळे म्हणाले आता तीन तास उशीर होईल, चला. पण यार्डाच्या गेटाबाहेर रस्त्याकडेला रांग लागली होती ती दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही हटली नाही. बैलगाड्यांच्या बाजूला एक बीडकडची बाई तीन दगडांवर भाकऱ्या थापत होती, पोरगं मांडीला डोकं लावून झोपलेलं, बैल जू काढून तिथंच बसलेले, त्यांच्यापुढं वाढं टाकलेलं. सकाळी बघितलं तेव्हा ती तिथंच होती, परत भाकऱ्या.

हिशेब करा. तीन तास बंद, तासाला ९ गाड्या येतच होत्या, कारण फडात तोडणी कुणी थांबवली नव्हती. म्हणजे २७ गाड्या जास्तीच्या साठल्या. सुरू झाल्यावर तासाला १० उतरतात पण ९ नवीन येतात, शिल्लक एक. मग २७ गाड्यांची ही थकबाकी फिटायला २७ तास! तीन तासांच्या बिघाडाला सत्तावीस तास. हेच तासाला ८ गाड्या येत असत्या तर २४ साठल्या असत्या, शिल्लक दोन, म्हणजे १२ तासांत यार्ड पूर्वपदावर. एका गाडीचा फरक, आणि त्या बाईच्या दीड-दोन चुली वाचल्या असत्या.

आता दुसरी गोष्ट, जी आमच्याकडं सगळ्यात मोठी आहे. वरच्या सूत्रात गृहीत धरलंय की दिवसभर सारख्याच वेगानं गाड्या येतात. ऊसपट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही माहितीय की असं नसतं. टोळी पहाटे फडात उतरते, दुपारपर्यंत तोडणी, मग मोळ्या बांधून भरणं, आणि गाड्या निघतात दुपारनंतर. म्हणजे संध्याकाळी सगळ्या एकदम. समजा दिवसाला २१६ गाड्या येतात, २४० च्या ताकदीपुढं ९० टक्के. त्यातल्या १२० दुपारी ४ ते रात्री १० या सहा तासांत आल्या, म्हणजे तासाला २०, आणि उरलेल्या ९६ बाकीच्या अठरा तासांत. रात्री दहाला यार्डात ६० गाड्या साठलेल्या. त्या वेळी आत शिरणारा ड्रायव्हर सहा तास थांबणार, म्हणजे चार वाजणार पहाटेचे. (तात्यांचे ते साडेचार आठवतात?) आणि नंतर तासाला पाच-सव्वापाच गाड्या येतच राहतात म्हणून यार्ड मोकळं व्हायला तेरा तास लागतात, दुसऱ्या दिवशी सकाळचे अकरा. मग अकरा ते चार, पाच तास, गव्हाणीला पुरेसा ऊसच नाही.

कारखान्याच्या बाजूनं बघितलं तर ही पाच तासांची टंचाई म्हणजे मोठं संकट आहे, आणि ते खोटं नाही. मिल थांबवली तरी बॉयलर लगेच थंड करता येत नाही, वाफ वाया, परत लाइन चालू करायला वेळ, रस टाकीत पडून राहिला तर खराब होतो. 'नो केन', म्हणजे ऊसच नाही, म्हणून मिल बंद राहिली तर शेती खात्याच्या साहेबाला सकाळच्या मीटिंगला जाब द्यावा लागतो. मग साहेब काय करतो, तर तोडीचे जास्त पास, म्हणजे ऊस तोडायच्या परवानग्या, सोडतो. यार्डात कायम पन्नास-साठ गाड्या उभ्या असल्या की त्याला निवांत झोप लागते. म्हणजे रांग कुणाच्या हलगर्जीपणानं झालेली नसते, ती ठेवलेली असते. मिल एक मिनिट रिकामी राहू नये याचा तो विमा आहे आणि त्याचा हप्ता भरतात ड्रायव्हर, टोळी, बैल आणि शेतकरी.

शेतकरी कसा, तर तोडलेल्या उसाचं पाणी तासातासाला उडतं, वजन घटतं, साखरही उतरते, म्हणून तर ऊस तोडल्यापासून २४ तासांच्या आत गाळावा म्हणतात. काट्यावर चढेपर्यंतची घट शेतकऱ्याची. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात, ताटकळत उभं राहिल्याचा एक रुपयाही नाही. दिवसाला दोन खेपा व्हायच्या तिथं एकच होते, बँकेचा हप्ता तेवढाच. मला राग येतो तो इथं. मिलच्या रिकाम्या मिनिटाची किंमत लिहून ठेवलेली असते, ड्रायव्हरच्या नऊ तासांची कुठल्याच रजिस्टरला नोंद नाही.

नोंद करणं अवघड आहे का? अजिबात नाही, आणि हा या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९६१ मध्ये एक गोष्ट सिद्ध केली, दिसायला इतकी साधी की हे सिद्ध काय करायचं असं वाटावं. आत असणाऱ्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले प्रत्येकाचा आतला सरासरी वेळ. गाड्या कशाही येऊ देत, एकदम येऊ देत, उतरवायला कितीही लागू देत, नंबर कुठल्याही क्रमानं लागू देत, मधे कुणी घुसलं तरीसुद्धा, बराच काळ बघितलं तर हे बसतंच. याचा उपयोग असा की प्रत्येक गाडीची वेळ लिहायची गरज नाही. कारखाना म्हणतो सरासरी चारच तास लागतात. ठीक आहे, आठवडाभर दर दोन तासांनी यार्डातल्या गाड्या नुसत्या मोजा, रात्रीच्याही. सरासरी ९० भरल्या आणि तासाला सरासरी ९ येतायत, तर प्रत्येकाचे सरासरी दहा तास जातायत, चार नव्हे. गेटावरचं रजिस्टर आणि मोजणारा एक पोरगा, बास.

या सगळ्या विषयाची सुरुवात मात्र उसापासून, गाड्यांपासून फार लांब झाली, कोपनहेगनला. तिथल्या टेलिफोन कंपनीत आग्नर एर्लांग नावाचा गणितज्ञ होता. प्रश्न हाच, एक्स्चेंजला किती लाइनी ठेवायच्या. कमी ठेवल्या तर लोक ताटकळतात, जास्त ठेवल्या तर पैसा पडून. १९०९ मध्ये त्यानं पहिला पेपर लिहिला आणि दाखवलं की एकमेकांशी संबंध नसलेली माणसं आपापल्या मर्जीनं फोन करतात तेव्हा त्या कॉलच्या येण्यालाही एक गणिती शिस्त असते. १९१७ मध्ये त्यानं कॉल अडकण्याची आणि थांबण्याची सूत्रं दिली. आजही टेलिफोनची वर्दळ मोजायच्या एककाला एर्लांग म्हणतात.

त्याच गणितातून निघणारी एक गोष्ट यार्डात लगेच करण्यासारखी आहे. दोन गव्हाणी असतील आणि दोन वेगळ्या रांगा, प्रत्येकीत तासाला ९ गाड्या येतात आणि १० उतरतात, तर नंबर येईपर्यंत सरासरी ५४ मिनिटं थांबावं लागतं. त्याच दोन गव्हाणी, त्याच गाड्या, फक्त रांग एक करा, जी गव्हाण मोकळी होईल तिकडं पुढची गाडी. थांबणं येतं साधारण २६ मिनिटांवर. नवीन क्रेन नाही, माणूस नाही. कारण दोन रांगांत एका गव्हाणीपुढं सात गाड्या आणि शेजारची मोकळी असं होऊ शकतं, एका रांगेत ते होत नाही. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर मात्र मिसळू नयेत असं माझं मत, दोन-अडीच टनांच्या गाडीला वीस टनांमागं उभं करणं बैलांवर अन्याय आहे, आणि बैलाला तासंतास उभं राहण्याची शिक्षा कशाला.

पण खरा फरक पडेल तो येणं सारखं केल्यावर. मघाचीच तासाला ९ गाड्यांची गोष्ट घ्या, त्या बरोबर ६ मिनिटं ४० सेकंदांच्या अंतरानं आल्या आणि प्रत्येकीला बरोबर ६ मिनिटं लागली तर कुणालाच एक मिनिटही थांबावं लागणार नाही. शून्य. तेवढं घड्याळासारखं कधीच होणार नाही हे मलाही कळतं, पण त्या दिशेला जितकं जाल तितकी रांग कमी. लांबच्या गावांना पहाटेची वेळ, जवळच्यांना दुपारची, मोबाइलवर टोकन आणि नंबर जवळ आल्यावरच फडातून गाडी हलवायची, असलं जिथं नीट राबवलं जाईल तिथं फरक पडेलच. क्रमपाळी, म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा तो नंबर, आपण दिवसाची लावतो, ती तासाची लावायला पाहिजे. आणि सहा तासांच्या वर जेवढे तास गाडी उभी राहील तेवढ्याचं भाडं कारखान्यानं द्यावं, असं मला मनापासून वाटतं. ज्या दिवशी रांगेचं बिल मीटिंगमधल्या टेबलावर येईल त्या दिवशी जास्तीचे पास सोडताना साहेबाचा हात थांबेल.

गेल्या दिवाळीला हे सगळं तात्यांना समजावून सांगितलं, कागदावर आकडे मांडून. ९.९ चे दहा तास बघून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी तासाला नऊच गाड्या येऊ द्यायच्या. बरं. मग धाव्वी कुणाची थांबवायची?"

मी म्हटलं, कुणाचीच नाही, हंगाम थोडा लांबवायचा. १२० दिवसांत पूर्ण ताकदीनं जेवढं गाळप होतं तेवढंच ९० टक्क्यांनी करायला १३३ दिवस लागतील.

"तेरा दिस," ते म्हणाले. "एप्रिलच्या उन्हात. तवा ज्याचा ऊस फडात उभा ऱ्हाईल त्याला जाऊन सांग तू."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजून पूर्ण नाहीये. शेवटच्या तेरा दिवसांत कुणाचा ऊस राहतो हे आम्हाला दोघांनाही माहितीय, ज्याची ओळख नाही त्याचा. मी म्हटलं त्याला जादा दर द्यावा लागेल, उशिराचा. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही, आणि तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

यंदा चुलतभावानं एक बदल केलाय. मुकादमाशी बोलून आमच्या फडातलं भरणं तो संध्याकाळी उरकून घेतो, टोळीला त्याचं वेगळं देतो, पण गाडी लगेच हलवत नाही, पहाटे चारला काढतो. ऊस रात्रभर यार्डाऐवजी शेतात थांबतो, घट व्हायची ती होतेच, पण तो स्वतः घरी झोपतो, आणि यार्डात पोचतो तेव्हा रात्रीची गर्दी बरीचशी ओसरलेली असते. परवा फोनवर विचारलं तर म्हणाला, साडेतीन तासांत बाहेर. मागं तात्यांचा आवाज आला, त्याला विचारत होते, पोचलास तवा म्होरं किती गाड्या हुत्या?